मंगळावरचा रोगी

माणूस आजारी पडला म्हणजे वैद्याकडे जातो. वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो, चार प्रश्न विचारतो आणि मग औषध देतो. बहुधा त्या औषधाने गुण येतो आणि रोगी पुन्हा कामाला लागतो. पण कधीकधी औषध घेऊनही ताप उतरत नाही. अशा वेळी अडाणी माणूस तेच औषध दुप्पट घेतो; उतावळा माणूस दहा वैद्यांची दहा औषधे एकदम घेतो; आणि शहाणा माणूस एकच प्रश्न विचारतो : औषध लागू का पडले नाही?

संगणकाचेही असेच आहे. तो निर्जीव असला, तरी त्यालाही दुखणी होतात. त्याच्या फाइली बिघडतात, तो काम करता करता मध्येच थांबतो, तर कधी आपोआप बंद होऊन पुन्हापुन्हा सुरू होत राहतो. हे ओळखून संगणक बनवणाऱ्यांनी त्याच्याबरोबर त्याचा वैद्यही देऊन ठेवलेला असतो. हा वैद्य म्हणजे दुरुस्तीची आज्ञावली. बिघाड झाला की ती चालवावी आणि तिने दोष शोधून तो नाहीसा करावा, अशी योजना असते. परंतु हा वैद्यही कधीकधी हात टेकतो. मग काय करावे? या प्रश्नाचे उत्तर एका प्रसंगाने फार चांगल्या रीतीने दिले आहे. तो प्रसंग कोणत्याही घरात किंवा कचेरीत घडला नाही. पृथ्वीवरसुद्धा घडला नाही. तो मंगळावर घडला.

१० जून २००३ रोजी अमेरिकेतून एक यान मंगळाकडे निघाले. त्याच्या पोटात सहा चाकांची एक गाडी होती. तिचे वजन सुमारे १८५ किलोग्रॅम आणि नाव 'स्पिरिट', म्हणजे चैतन्य. जवळजवळ सात महिन्यांचा प्रवास करून ४ जानेवारी २००४ रोजी ती मंगळावरील गुसेव्ह नावाच्या विस्तीर्ण विवरात सुखरूप उतरली. तिच्या पाठीवर सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणाऱ्या पट्ट्या होत्या, उंच मानेवर कॅमेरे होते आणि पुढे एक यांत्रिक हात होता. या हाताने खडक खरवडून त्याचे अंतरंग पाहावे, आणि मंगळावर एके काळी पाणी होते की काय याचा शोध घ्यावा, हे तिचे काम. मंगळावरचा दिवस सुमारे २४ तास ४० मिनिटांचा असतो. त्याला शास्त्रज्ञ 'सोल' म्हणतात. असे ९० सोल स्पिरिटने काम केले तरी पुरे, अशी तिच्या निर्मात्यांची अपेक्षा होती.

पहिले काही दिवस सारे सुरळीत चालले. स्पिरिटने छायाचित्रे पाठवली, ती जमिनीवर उतरली आणि 'ॲडिरॉन्डॅक' असे नाव दिलेल्या एका खडकापाशी जाऊन उभी राहिली. आता त्या खडकाला छिद्र पाडायचे, एवढेच उरले होते. आणि अठराव्या सोलला, म्हणजे २१ जानेवारी रोजी, स्पिरिट अचानक गप्प झाली.

कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी नावाची संस्था आहे. स्पिरिटची सारी सूत्रे तेथून हलवली जात. तेथील अभियंत्यांना प्रथम फारशी काळजी वाटली नाही. त्या वेळी ऑस्ट्रेलियातील कॅनबेराजवळच्या मोठ्या अँटेनामधून संदेश जात होते आणि तेथे गडगडाटी वादळ चालू होते. वादळामुळे संदेश पोहोचला नसेल, असे त्यांना वाटले. परंतु वादळ सरले, तरी स्पिरिटचे मौन सरले नाही. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून केवळ एक क्षीण खूण आली : आज्ञा ऐकू आली, एवढाच तिचा अर्थ. जणू गाढ ग्लानीत पडलेल्या रोग्याने हाकेला नुसता हुंकार द्यावा, तसे ते झाले.

या रोग्याला हात लावता येत नव्हता. तो सुमारे १९ कोटी किलोमीटर दूर होता. प्रकाशाच्या वेगाने जाणारा संदेशसुद्धा तेथे पोहोचण्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागे आणि उत्तर परत येण्यास तितकाच. एखादा सुटा भाग बदलणे शक्य नव्हते, की मागचे झाकण उघडून आत पाहणे शक्य नव्हते. जे काही करायचे, ते विचाराने आणि शब्दाने करायचे होते.

२३ जानेवारीला स्पिरिटने थोडा वेळ अतिशय मंद गतीने माहिती पाठवली. त्या तुटपुंज्या माहितीवरून दोन गोष्टी कळून आल्या, आणि दोन्ही भयंकर होत्या. पहिली ही, की तिचा संगणक पुन्हापुन्हा बंद होऊन सुरू होत होता. असे साठांहून अधिक वेळा घडले होते. दुसरी ही, की रात्र झाली तरी स्पिरिट झोपत नव्हती. दिवसा सूर्यप्रकाशातून मिळवलेली वीज साठवावी आणि रात्री अंग आखडून ती जपून वापरावी, हा तिचा जीवनक्रम. जागरणामुळे तिची विद्युत्घटमाला रिकामी होत चालली होती. हे असेच चालले असते, तर थोड्याच दिवसांत तिचा अंत झाला असता.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होत होता, हा मुळात रोग नव्हता. ते औषध होते. स्पिरिटला अशीच शिकवण दिलेली होती, की काही गंभीर चूक झाली तर थांबावे, सारे पुसून टाकावे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. घरातला संगणक अडला म्हणजे मोठी माणसे तो बंद करून पुन्हा सुरू करतात, ते याच कारणाने. बहुतेक वेळा या एका उपायाने काम भागते. पण येथे साठ वेळा औषध दिले, तरी रोग जागच्या जागी होता. एकदा दिलेल्या औषधाने गुण आला नाही, तर तो योगायोग असू शकेल. साठ वेळा दिलेल्या औषधाने गुण येत नाही, याचा अर्थ ते औषध त्या रोगावरचे नव्हेच.

मग रोग कोणता? अभियंत्यांनी एकेक संशय घेतला आणि एकेक तपासला. ज्या क्षणी बिघाड सुरू झाला, त्या क्षणी स्पिरिट एका उपकरणाचा आरसा हलवणारी लहानशी मोटर चालवत होती. तेव्हा दोष त्या मोटरचा असेल काय? विजेच्या पुरवठ्यात काही खोट असेल काय? परंतु मोटर एकदाच चालली होती आणि बिघाड मात्र प्रत्येक वेळी होत होता. जी गोष्ट प्रत्येक वेळी घडते, तिचे कारणही प्रत्येक वेळी हजर असले पाहिजे, हे उघड आहे. संगणक सुरू होताना प्रत्येक वेळी न चुकता तो कोणते काम करतो? या प्रश्नाने शोधाला योग्य दिशा मिळाली.

त्याचे उत्तर समजण्यासाठी संगणकाच्या स्मृतीचे दोन प्रकार माहीत असावे लागतात. विद्यार्थ्याजवळ पाटी असते आणि वहीही असते. पाटीवर भराभर लिहिता येते, भराभर पुसता येते; पण पुसले की ते गेले. वहीत लिहिलेले मात्र टिकून राहते. संगणकाजवळही अशी एक पाटी असते. तिला 'रॅम' म्हणतात. वीज गेली, की तिच्यावरचे सारे पुसले जाते. त्याची वही म्हणजे कायम टिकणारी स्मृती. स्पिरिटची ही वही 'फ्लॅश' नावाच्या जातीची होती. तिच्या संगणकात १२८ मेगाबाइटांची पाटी आणि २५६ मेगाबाइटांची वही होती. आज साध्या मोबाइल फोनमध्येही याच्या कितीतरी पट स्मृती असते. पण मंगळावरील कडक थंडी आणि अंतराळातील घातक किरणे सोसू शकेल, असा तो मजबूत संगणक होता.

वहीत अनेक फाइली साठवलेल्या असत. कोणती फाइल कोठे आहे हे कळावे, म्हणून त्यांची एक सूची असे. संगणक सुरू झाला, की ही सूची वहीतून वाचून पाटीवर उतरवून घेत असे. तिच्यासाठी पाटीवर ठराविक जागाच मिळत असे, आणि खरी मेख येथेच होती. फाइल पुसली, तरी सूचीत तिने व्यापलेली ओळ कमी होत नसे. एखाद्या शाळेच्या हजेरीपत्रकात शाळा सोडून गेलेल्या मुलांची नावे खोडावीत, पण त्या ओळी तशाच राहू द्याव्यात आणि नव्या मुलांची नावे खाली लिहीत जावे, तसा हा प्रकार होता. वर्गात मुले चाळीसच. पण हजेरीपत्रक मात्र चारशे ओळींचे! सात महिन्यांच्या प्रवासात जमलेल्या फाइली, वाटेत बदललेल्या जुन्या आज्ञावलीच्या फाइली आणि मंगळावर उतरल्यानंतरच्या नव्या फाइली, अशा मिळून सूची वाढत गेली. शेवटी ती पाटीवरील आपल्या जागेत मावेनाशी झाली. सूची मावली नाही, म्हणून चूक झाली. चूक झाली, म्हणून संगणकाने शिकवल्याप्रमाणे स्वतःला बंद करून पुन्हा सुरू केले. सुरू होताच त्याचे पहिले काम कोणते? तर वहीतली तीच लांबलचक सूची पाटीवर उतरवणे! ती पुन्हा मावली नाही, पुन्हा चूक झाली, पुन्हा सुरुवात. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि संध्याकाळी जागच्या जागीच असतो, तशी स्पिरिटची गत झाली होती. पुन्हा सुरुवात करण्याच्या औषधाने पाटी स्वच्छ होत होती. रोग मात्र वहीत होता.

या कथेत चुटपुट लावणारी आणखी एक गोष्ट आहे. वहीत जुन्या फाइली साचल्या आहेत, हे अभियंत्यांच्या ध्यानात आलेच नव्हते असे नाही. त्या काढून टाकणारी एक साफसफाईची आज्ञावली त्यांनी पंधराव्या सोललाच स्पिरिटकडे पाठवली होती. ती दोन भागांत पाठवावयाची होती. त्यांतला एक भाग नीट पोहोचला. दुसरा पोहोचला नाही. अर्धी आज्ञावली ही अर्ध्या किल्लीसारखी. तिने कुलूप उघडत नाही. राहिलेला भाग एकोणिसाव्या सोलला पुन्हा पाठवण्याचे ठरले. आणि स्पिरिट आजारी पडली, ती अठराव्या सोलला! आज करावयाचे काम उद्यावर टाकू नये, हे वडीलधारी माणसे सांगतात. येथे कोणी आळस केला नव्हता. तरीही एका दिवसाच्या अंतराने केवढे संकट ओढवले!

निदान झाले, पण ते अद्याप केवळ अनुमान होते. अनुमान खरे की खोटे, हे पाहण्यासाठी अभियंत्यांनी एक साधा प्रयोग केला. स्पिरिट बनवतानाच तिला एक जादा आज्ञा शिकवून ठेवलेली होती. ती अशी : वहीला हात न लावता, केवळ पाटीच्या आधारावर सुरू हो. या अवस्थेत स्पिरिट पांगळी होणार होती. झोपण्यापूर्वीचे तिला सकाळी काही आठवणार नव्हते. पण पांगळी का होईना, ती जागी राहील काय? आज्ञा पाठवण्यात आली. सर्वांचे डोळे पडद्यावर खिळले. आणि स्पिरिट शांतपणे सुरू झाली! ती मध्येच बंद पडली नाही. जवळजवळ तासभर तिने पृथ्वीशी व्यवस्थित संभाषण केले. वही बाजूला ठेवताच रोग गेला. तेव्हा रोग वहीतच होता, हे सिद्ध झाले. तो दिवस होता २४ जानेवारीचा.

दुसऱ्याच दिवशी, २५ जानेवारी २००४ रोजी, स्पिरिटची जुळी बहीण 'ऑपॉर्च्युनिटी' मंगळाच्या दुसऱ्या बाजूस उतरली. तिच्यातील आज्ञावलीही तीच असल्यामुळे तिलाही त्याच रोगाचा धोका होता. थोरलीच्या आजाराचे कारण कळले, त्याचा लाभ धाकटीलाही झाला.

रोग कळल्यावरही अभियंत्यांनी घाई केली नाही. सारी वही एकदम कोरी करणे सोपे होते. पण तसे केले असते, तर आत काय बिघडले होते याचा पुरावाही नाहीसा झाला असता. त्यांनी आधी वहीतील नोंदी वाचून पाहिल्या. मग निरुपयोगी अशा शेकडो फाइली काढून टाकल्या. शेवटी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वही पूर्ण कोरी करून तिची नव्याने आखणी केली. त्यानंतर स्पिरिटने आपले अर्धवट राहिलेले काम हाती घेतले आणि ॲडिरॉन्डॅक खडकाला अडीच मिलिमीटरांहून थोडे अधिक खोल छिद्र पाडले. ९० सोलांसाठी बनवलेली ही गाडी पुढे सहा वर्षांहून अधिक काळ काम करत राहिली. तिचा शेवटचा संदेश पृथ्वीवर आला, तो २२ मार्च २०१० रोजी.

ही कथा येथेच संपली असती, तर एखाद्याला वाटले असते, की वही कोरी करणे हे रामबाण औषध सापडले. परंतु दहा वर्षांनी ऑपॉर्च्युनिटीने तो भ्रम दूर केला. २०१४ साली तिचाही संगणक वरचेवर बंद होऊन सुरू होऊ लागला आणि तिला विस्मरण होऊ लागले. लक्षणे तीच दिसली, म्हणून सप्टेंबरमध्ये तिचीही वही कोरी करून नव्याने आखण्यात आली. पण या वेळी गुण टिकला नाही. कारण येथे दोष सूचीचा नव्हता. वहीचा कागदच जीर्ण झाला होता. फ्लॅश स्मृती वापरून वापरून झिजते. ऑपॉर्च्युनिटीच्या वहीचे सात भाग होते, आणि त्यांपैकी एक भाग खराब झाला होता. २०१५ साली तो भाग वगळून उरलेले वापरावेत, अशी आज्ञावली तिला देण्यात आली. त्यानंतरही विस्मरण पुरते थांबले नाही. तेव्हा वही न वापरता, दिवसभरात मिळालेली माहिती झोपण्यापूर्वीच पाठवून देण्याची सवय तिला लावण्यात आली. दोष गेला नाही. पण दोषासह काम कसे करावे, हे समजले. अशा रीतीने ती २०१८ सालच्या जूनपर्यंत मंगळावर काम करत राहिली. लक्षणे सारखी असली, तरी रोग सारखाच असतो असे नाही, हा मोठा धडा या दुसऱ्या रोग्याने दिला.

आता मंगळावरून पृथ्वीवर यावे. पुष्कळ घरांत, शाळांत आणि कचेऱ्यांत 'विंडोज' या नावाच्या प्रणालीवर चालणारे संगणक असतात. या प्रणालीत 'सिस्टिम फाइल चेकर' नावाची एक दुरुस्तीची आज्ञावली असते. तिचे काम मोठे मजेदार आहे. प्रणालीच्या प्रत्येक महत्त्वाच्या फाइलचा एक ठसा तिच्याजवळ नोंदवलेला असतो. ती एकेक फाइल घेते, ठसा जुळवून पाहते, आणि जुळला नाही तर ती फाइल बिघडली असे ठरवून तिच्या जागी भांडारातील चांगली प्रत ठेवते. हे भांडारही त्याच संगणकात असते. परंतु कधीकधी तपासणीच्या शेवटी ती असा निरोप देते, की बिघडलेल्या फाइली सापडल्या, पण त्यांतील काही दुरुस्त करता आल्या नाहीत. हा निरोप वाचून पुष्कळ माणसे तीच आज्ञावली पुन्हापुन्हा चालवतात. स्पिरिटच्या साठ फेऱ्यांची येथे आठवण झाली पाहिजे.

हा वैद्य हात का टेकतो? त्याची कारणे अनेक असू शकतात. पहिले कारण म्हणजे भांडारच बिघडलेले असते. ज्या प्रतीवरून दुरुस्ती करायची, तीच प्रत फाटकी असेल, तर दुरुस्ती होणार कशी? अशा वेळी आधी भांडार दुरुस्त करावे लागते. त्यासाठी 'डीआयएसएम' नावाची दुसरी आज्ञावली असते. ती चांगल्या प्रती इंटरनेटवरून किंवा प्रणालीच्या मूळ संचातून आणते. भांडार नीट झाल्यावर पहिली आज्ञावली पुन्हा चालवली, की तिला यश येते. येथे क्रमाला महत्त्व आहे. तो उलटला, तर श्रम वाया जातात.

दुसरे कारण असे, की जी फाइल बदलायची, तीच त्या वेळी वापरात असते. धावत्या गाडीचे चाक बदलता येत नाही. गाडी थांबवावी लागते. म्हणून संगणक 'सेफ मोड' नावाच्या मर्यादित अवस्थेत सुरू करून दुरुस्ती करतात. स्पिरिटला पांगळ्या अवस्थेत जागे केले, त्याच जातीचा हा उपाय आहे.

तिसरे कारण अधिक गंभीर असते. दोष फाइलीत नसून ज्या तबकडीवर ती लिहिली आहे, त्या तबकडीतच असतो; किंवा पाटी, म्हणजे रॅम, सदोष असते. सदोष पाटीवरून उतरवलेला प्रत्येक मजकूर चुकणारच. भिंतीला ओल येत असताना वरून कितीही रंग दिला, तरी तो पोपडे धरून गळतो. आधी गळती शोधावी लागते. म्हणून तबकडी आणि रॅम यांची वेगळी तपासणी करण्याची साधने संगणकात दिलेली असतात. तबकडी मरणपंथाला लागली असेल, तर दुरुस्तीच्या खटपटीपूर्वीच तिच्यावरील कामाच्या गोष्टींची प्रत दुसरीकडे काढून ठेवली पाहिजे. कारण दुरुस्तीचे श्रमही तिला सोसत नाहीत.

आणि कधीकधी तर रोगी ठणठणीत असतो. चूक वैद्याची असते. जुलै २०१९ मध्ये जगभरातील पुष्कळ संगणकांवर सिस्टिम फाइल चेकर काही फाइली बिघडल्याचे सांगू लागला आणि त्या त्याला दुरुस्तही करता येईनात. शोध घेता असे आढळले, की 'विंडोज डिफेंडर' या संरक्षक आज्ञावलीच्या त्या फाइली नव्या मार्गाने सुधारून पाठवल्या होत्या. तपासणाऱ्याजवळचे ठसे मात्र जुनेच राहिले होते. नवी फाइल चांगली होती. पण जुन्या ठशाशी ती जुळेना, म्हणून तिला बिघडलेली ठरवण्यात आले. त्या फाइली तशाच राहू द्याव्यात, असे मायक्रोसॉफ्ट कंपनीनेच मग जाहीर केले.

यांपैकी कोणते कारण खरे, हे तर्काने सांगता येत नाही. ते पाहावे लागते. सुदैवाने दुरुस्तीची आज्ञावली आपल्या कामाची रोजनिशी लिहून ठेवते. कोणती फाइल बिघडली, कोणती दुरुस्त झाली, कोणती झाली नाही आणि का झाली नाही, हे त्या रोजनिशीत लिहिलेले असते. पण पुष्कळ माणसे ती उघडूनही पाहत नाहीत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी त्यांची गत होते. कोणी अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या, चमत्कार करण्याचे वचन देणाऱ्या आज्ञावल्या एकामागून एक चालवतात. दहा उपाय एकदम केल्यावर संगणक सुधारला, तरी कशाने सुधारला हे कळत नाही; आणि अधिक बिघडला, तर कशाने बिघडला हेही कळत नाही.

पॅसाडीनाच्या अभियंत्यांनी काय केले, हे या ठिकाणी पुन्हा आठवावे. औषध लागू पडत नाही हे पाहून त्यांनी मात्रा वाढवली नाही. प्रत्येक वेळी कोणती गोष्ट घडते, ते त्यांनी शोधले. एका वेळी एकच बदल केला आणि त्याचा परिणाम पाहिला. पुरावा नष्ट होऊ दिला नाही. रोग कळला तेव्हाच त्यांनी वही कोरी केली, त्याआधी नव्हे. त्यांच्याजवळ हातोडी नव्हती, पेचकस नव्हता. रोगी १९ कोटी किलोमीटर दूर होता. तरीही तो बरा झाला.

यंत्रे पुढेही बिघडत राहतील. त्यांना दुरुस्त करणारी यंत्रेही बिघडतील. परंतु 'हे का झाले?' असा प्रश्न शांतपणे विचारून उत्तर मिळेपर्यंत धीर न सोडणाऱ्या माणसाचे काम बिघडलेले यंत्र फार काळ अडवून ठेवू शकत नाही.